जिचं तिनं घ्यावं

वापरण्यापूर्वी ढवळा

घड्याळाचा खिळा रिकामा आहे.

ओला रंग खोटं बोलतो. दुकानात नवा माणूस कामाला लागला की मालक त्याला हे वाक्य ऐकवतात आणि चहा प्यायला निघून जातात.

डावखुऱ्या बाईला कात्री उसनी मिळत नाही. मिळाली तरी चालत नाही.

प्रसूतिगृहाच्या वरच्या मजल्यावर एक दोरी बांधलेली आहे. दोरीला चिमटे आहेत. तिच्यावर कपडे कधीच वाळत नाहीत.

"आमच्या सुनेनं काढलंय," सासूबाई म्हणाल्या. समोर सिलिंडर घेऊन आलेला माणूस उभा होता. "बरं," तो म्हणाला. "आत ठेवू की इथंच?"

"आनंद झालाय ना?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

आधी कोपऱ्यात लावून पाहा

हा प्रश्न जिला विचारला, ती रंगाच्या दुकानात काम करते. गिऱ्हाईक भिंतीचा पोपडा आणतं, पडद्याची चिंधी आणतं, एकदा एकजण अंड्याचं टरफल रुमालात बांधून घेऊन आला होता. सगळ्यांचं म्हणणं एकच, अस्साच रंग पाहिजे. मग ती पांढऱ्या डब्यात थेंब थेंब रंग सोडते, ढवळते, पुठ्ठ्यावर बोट ओढते, पुठ्ठा पंख्याखाली धरते आणि वाळल्यावर नमुन्याला लावून बघते. दुकानात मशीन आहे, पण मशीन दमलं की सगळे तिच्याकडे येतात. तिनं जुळवलेला रंग जुन्या भिंतीवर नेमका कुठं सुरू होतो हे दाखवा आणि डबा फुकट न्या, असं मालक छाती पुढे काढून सांगतात.

तिच्या स्वतःच्या घराच्या भिंती पांढऱ्या आहेत. नमुना समोर नसला की तिला काही सुचत नाही.

डॉक्टरबाईंच्या प्रश्नाला "हो" म्हणायला तिला उशीर झाला. फार नाही. पण एवढासा शब्द उच्चारायला लागतो त्याहून जास्त. डॉक्टरबाईंनी तिच्या पोटावरचा हात काढला नाही.

"वर गुरुवारी बायका जमतात," त्या म्हणाल्या. "दिवस गेलेल्याच सगळ्या. चित्रं काढतात. जाऊन बस."

"मला चित्र काढता येत नाही."

"कुणालाच येत नाही. येत असतं तर मी पाठवलंच नसतं."

ती जिना चढली तेव्हा तिचे कान तापले होते. म्हणजे कळलं यांना. बाळाचं तिला काहीच वाटत नव्हतं. राग नाही, भीती नाही, काहीच नाही. नवऱ्यानं पाळणा आणला तेव्हा त्याच्या लाकडाला कोणतं पॉलिश मारलंय एवढंच तिनं पाहिलं होतं. सासूबाई पोटाशी तोंड नेऊन लाडे लाडे बोलायच्या, आणि ती मधल्या मधे, दोन माणसं दारात गप्पा मारताना तिसऱ्यानं दार धरून उभं राहावं तशी उभी राहायची. हे कुणाला सांगणार? ज्याला सांगावं तो म्हणेल, बाई आहेस की काय आहेस.

सावलीत वाळवा

वरच्या खोलीतल्या बाईंना सगळ्या चित्रताई म्हणत. चित्रताई फार बोलत नसत. त्यांचे नियम मोजके होते. कागदावर नाव घालायचं नाही. दुसरीच्या कागदाविषयी बोलायचं नाही, वाईट नाही आणि चांगलं तर अजिबात नाही. चित्र झालं की दोरीला टांगायचं आणि पुढच्या गुरुवारी घरी न्यायचं.

"नाव घातलं की माणूस दाखवायला काढतं," चित्रताई म्हणाल्या. "त्यापेक्षा जिचं तिनं ओळखावं, जिचं तिनं घ्यावं."

नावं माणसांचीही नव्हती. जिचं जे काम तीच तिची हाक. एक पोस्टवाली होती, एक भूमितीच्या बाई होत्या. आणि खिडकीपाशी शिंपीण. लोकांच्या पँटी आखूड करणं, कमरा सैल करणं, हे तिचं काम. स्वतःच्या कमरेचं मात्र आपल्या हाताबाहेर गेलंय असं ती सांगायची.

"आणि तू काय करतेस?" उजेडातली खुर्ची सोडून शेजारच्या खुर्चीत सरकत शिंपिणीनं विचारलं.

"रंगाच्या दुकानात असते. रंग जुळवते."

"मग तू इथं कशाला? आम्ही इथं घाम गाळतोय आणि तू म्हणजे सोनाराच्या घरचं पोर. ये, रंगवाले, ये."

बसल्यावर चित्रताईंनी सांगितलं, "आत जे चाललंय त्याचा रंग शोधा. आकार नंतर."

रंगवालीनं आत पाहिलं. पांढरं होतं.

शेजारी शिंपिणीचा हात चालायला लागला होता. मोठा पिवळा गोळा, पिकलेला, मधे नारिंगीकडे झुकलेला. त्याच्याभोवती हिरव्या छोट्या छोट्या रेघा, उशीच्या कडेला धावदोरा घालावा तशा. शिंपीण जीभ दातांत धरून डाव्या हातानं त्या घालत होती, आणि मधेच स्वतःशीच हसत होती. तिला कुणी बघतंय याचं भान नव्हतं.

इतका वेळ कोरा कागद समोर घेऊन बसणं रंगवालीला असह्य झालं. तिच्या हातानं त्याला येत होतं ते केलं. समोर नमुना होता. तिनं तो जुळवला.

जुळवताना तिनं दुकानातली खबरदारी घेतली. कागदाच्या कोपऱ्यावर एक थेंब टाकला, फुंकर मारून वाळवला, तर तो फिका पडला. भिंतीचे रंग वाळून गडद होतात, हे पाण्याचे रंग उलटे निघाले. म्हणून तिनं पिवळा दामटून घेतला, नारिंगी आणखी चढवला. वाळल्यावर तिचा कागद शिंपिणीच्या आत्ताच्या, ओल्या कागदासारखा दिसेल असा.

शिंपिणीचा कागदही वाळणार आहे, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. दुकानात नमुना नेहमी वाळलेलाच येतो.

ओल्याला हात लावू नये

दोरीवर दोन सारखे कागद लागले तेव्हा खोलीत कुणी काही बोललं नाही. बोलायचं नाही असा नियमच होता. पोस्टवाली छताकडे बघत राहिली. भूमितीच्या बाईंनी ब्रश फार मन लावून धुतला. कुणी टोकलं असतं तर बरं झालं असतं, असं रंगवालीला वाटलं. परीक्षेत शेजारणीचं बघून लिहिणाऱ्या मुलीला बाई ओरडतात, आणि ओरडून झालं की विषय संपतो. इथं विषय दोरीला टांगला होता.

शिंपिणीनंच त्याला वाचा फोडली.

"अगंबाई! माझ्या मेल्या चित्राला जुळं झालं की!"

सगळ्या हसल्या. चित्रताईंनी नियमाकडे काणाडोळा केला. रंगवालीही हसली, आणि हसताना तिनं पोटासमोर पिशवी धरली.

पुढच्या गुरुवारी कागद वाळले होते. एक झळझळीत, आत्ताच रंगवल्यासारखा. दुसरा फिकटलेला, धुवून धुवून विटलेल्या उशीसारखा. शिंपीण दोरीखाली उभी राहिली. कमरेवर हात ठेवून तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"हा माझा," ती म्हणाली, आणि झळझळीत कागदाचे चिमटे काढले. "अस्साच होता. माझ्या डोळ्यांसमोर आहे ना."

रंगवालीचं तोंड उघडलं होतं.

ती म्हणू शकली असती: थांब, तो माझा आहे.
ती म्हणू शकली असती: वाळल्यावर तुझा फिका पडलाय, मी आधीच धरून चालले होते.
ती म्हणू शकली असती: टाके बघ.
ती नुसतं "अगं" म्हणू शकली असती.

तिनं फिका कागद काढून गुंडाळला. हातात धरताना तो तिला ऊबदार लागला, आणि आपल्याला तो तसा लागावा याची तिला तिथंच, दोरीखालीच लाज वाटली. चूक झाली म्हणून ती गप्प बसली नव्हती. तिला तोच हवा होता. ज्या बाईला आत पिवळं दिसतं तिचा कागद तिला आपल्या घरी हवा होता.

दुसरा हात

"बघू बघू," सासूबाई म्हणाल्या. "काय काढलंस?"

"काही नाही. असंच."

"असंच म्हणे. अरे, इकडे ये, बघ तुझ्या बायकोनं काय केलंय!"

नवरा आला. त्यानं कागद हातभर लांब धरला, मग जवळ घेतला. त्याचा चेहरा मऊ झाला. गेले काही महिने तो तिच्याकडे बघायचा ते डब्याला भोक पडलंय का हे बघावं तसा. आत्ता ती नजर गेली.

"मला वाटत होतं की तू..." तो म्हणाला आणि थांबला. "जाऊ दे. हे किती छान आहे गं."

"टाके कसे घातलेत बघ," सासूबाई म्हणाल्या. "माया असल्याशिवाय असे टाके पडत नाहीत. घड्याळ काढ तिथलं. वेळ काय, तुमच्या फोनमध्येही असते."

घड्याळ कपाटावर गेलं आणि चित्र खिळ्यावर आलं. तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ते दाखवलं जाऊ लागलं.

"हो, हिनंच."

"नाही नाही, शिकली नाही कुठं. आतूनच आलं."

"मी म्हटलं नव्हतं, जरा अबोल आहे, पण मनात भरपूर आहे."

"सूर्य नाही हो. बाळ आहे ते. कळत नाही का?"

ती जेवताना भिंतीकडे पाठ करून बसू लागली. तरी पाठीला ते कळायचं. नवरा आता संध्याकाळी पोटाला हात लावायचा, आधी लावत नव्हता, आणि तिला वाटायचं, हा हात शिंपिणीच्या पोटाला जायला हवा. चोरीच्या दागिन्यावर कौतुक झेलावं तसं ती ते झेलत होती. बरं, दागिना काढून तरी ठेवता येतो.

मुलांपासून दूर ठेवा

मग एका गुरुवारी शिंपीण आली नाही.

"खाली आहे," चित्रताईंनी सांगितलं. "दाखल केलंय. पडून राहायला सांगितलंय, उठायचं नाही, बसायचं नाही. जाऊन या जमेल तशा. तिला बडबडीची सवय आहे."

खालच्या मजल्यावर, भिंतीकडच्या खाटेवर, शिंपीण पायाखाली उशा घेऊन आडवी होती. केस तेलकट झाले होते. रंगवालीला बघून तिचा चेहरा उजळला.

"आलीस? मला वाटलं सगळ्या मला विसरल्या. बस. मी कापडाचा तागा झालेय नुसता. कुणी येतं, उलटं करतं, मोजतं, जातं."

"कशी आहेस?"

"मी आहे गं. आतलं टिकलं पाहिजे." तिनं बोट वर केलं. "ते बघ. दुसरं काही आणलं नाही घरून, तेवढं आणलं."

खाटेसमोरच्या भिंतीवर चिकटपट्टीनं लावलेला झळझळीत पिवळा गोळा होता.

"सकाळी डोळा उघडला की आधी ते बघते. बोलते त्याच्याशी. म्हणते, बाबा रे, हे मी तुला बघून काढलंय, तेव्हा तू एवढा घट्ट होतास. आता पण तसाच राहा. हसू नकोस."

"नाही हसत," रंगवाली म्हणाली. तिला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं वाटलं. त्या गोळ्यात काही नव्हतं. तिनं तो कुणाला बघून काढला होता ते तिला ठाऊक होतं. या बाईचं सगळं आता त्यावर टांगलेलं होतं, आणि ते होतं जुळवणीचं काम, अंड्याच्या टरफलासारखं.

"अशी काय बघतेस? फिट आहे ना रंग?"

"फिट आहे."

ती पाणी प्यायचं निमित्त करून उठली आणि तशीच बाहेर पडली.

गंज असल्यास खरवडून काढा

घरी येऊन तिनं चपला काढायच्या आधी खुर्ची ओढली.

"अगं अगं, चढू नकोस! काय हवंय? मी देते." सासूबाई धावत आल्या.

"चित्र काढून द्या खाली."

"का? कुणाला दाखवायचंय?"

"ज्याचं त्याला द्यायचंय."

सासूबाईंना वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्यांनी पुन्हा विचारलं आणि तिनं पुन्हा सांगितलं, या वेळी सगळं. शिंपिणीचं बघून काढलं ते, दोरीखाली गप्प बसली ते. आत पाहिलं तेव्हा काय दिसलं, तेही. नवरा आतल्या खोलीच्या दारात उभा होता. त्याला आत जावं की बाहेर यावं ते कळत नव्हतं.

सासूबाईंनी खिळ्यावरून कागद उतरवला. दोन्ही हातांनी, अलगद.

"मी सगळ्यांना सांगितलं," त्या म्हणाल्या.

"हो."

"सिलिंडरवाल्यालासुद्धा सांगितलं."

"माहितीय."

सासूबाईंचं तोंड लाल झालं होतं. तिला वाटलं होतं त्या ओरडतील. पण त्याच ओशाळल्या होत्या, पाहुण्यांना आग्रहानं वाढलेलं शेजाऱ्याच्या घरचं निघावं तशा. त्यांनी पदरानं कागदावरची धूळ पुसली. मग एकच विचारलं.

"मग तुझं कुठंय?"

"तिच्याकडे."

"ते नाही विचारत. तुझं कुठंय?"

नवरा पुढे आला आणि त्यानं खुर्ची जागेवर ठेवली. त्याची नजर पुन्हा आधीसारखी झाली होती. पण "मी येऊ सोबत?" असं त्यानं विचारलं. ती नको म्हणाली.

जुना नमुना सोबत आणावा

"हा तुझा," खाटेशी परत येऊन तिनं शिंपिणीला सांगितलं आणि फिका कागद तिच्यासमोर धरला. "भिंतीवरचा माझा आहे."

शिंपीण हसली. मग हसायची थांबली. "काहीतरीच. माझा असा विटका नव्हता."

"सगळ्यांचा विटतो. माझा मी आधीच गडद घेतला होता. टाके बघ."

शिंपिणीनं कागद हातात घेतला. कापड बघायची सवय असलेला हात, बोटांनी रेघांवरून गेला. हिरव्या रेघा डावीकडे कलल्या होत्या. तिनं मान वळवून भिंतीकडे पाहिलं. तिथल्या रेघा उजवीकडे.

"मी रंग बघितला," ती हळू म्हणाली. "टाका बघितलाच नाही. माझाच टाका, आणि मी रंग बघत बसले." मग तिच्या तोंडून निघालं, "म्हणजे इतके दिवस मी तुझ्या पोराशी बोलतेय?"

कोपऱ्यातल्या खाटेवरची बाई खुदकन हसली आणि लगेच कुशीवर वळली.

"तुला ठाऊक होतं?"

"दोरीखालीच."

"मग बोलली का नाहीस?"

"मला तुझं हवं होतं."

"चित्र?"

रंगवालीनं मान हलवली. नाही.

शिंपिणीचा हात आपसूक चादरीवरून गेला आणि पोटावर आडवा पडला. झाकल्यासारखा. तो हात कुणापासून झाकत होता ते दोघींनाही दिसलं. शिंपिणीनं तो काढायला हवा होता असं नाही. तिनं काढला नाही.

"ते काढ तिथून," मग ती म्हणाली. "हे लाव. टाचून नको लावूस, चिकटव."

रंगवालीनं तसं केलं. फिका गोळा भिंतीवर गेला. शिंपीण त्याच्याकडे बघत होती, लांबच्या प्रवासाहून आलेल्या माणसाची ओळख पटवावी तशी.

"तुझं ने," ती म्हणाली. "आणि जा आता. मला रडायचंय आणि मला हलायला बंदी आहे."

उरलेला रंग

जिन्यात थांबून तिनं आपला कागद उघडला. घरी न्यावा तर खिळा आहे, पण कुणी लावणार नाही, आणि लावू पाहिलं तर ती लावू देणार नाही. टाकून द्यावा तर तेही होईना. शिंपीण इतके दिवस याच्याशी बोलली होती.

तो पुन्हा गुंडाळून पिशवीत घालून ती जिना चढली. वर गुरुवार चालू होता. चित्रताईंनी काही न विचारता तिच्यापुढे कोरा कागद सरकवला. खिडकीजवळची शेजारची खुर्ची रिकामी होती. समोर कुणाचा नमुना नव्हता. मधे ब्रश धुवायचं भांडं होतं. सकाळपासून सगळ्यांनी त्यात ब्रश बुडवले होते, आणि पाणी गढूळ, करडं, कशालाही न जुळणारं झालं होतं. दुकानात असा रंग झाला की मालक म्हणतात, ओतून दे.

तिनं ब्रश त्यात बुडवला आणि कागदावर ओढला. एक रेघ. मग तिच्याखाली दुसरी. आत पांढरं नव्हतंच, तिला दिसलं. हे होतं. कधीपासून होतं कोण जाणे. तिचे कान तापले, मान खाली गेली, पण हात थांबला नाही.

कागद भरला तेव्हा तिनं तो दोरीला टांगला, एकटाच. वाळल्यावर तो गडद होईल की फिका, हे तिला सांगता आलं नसतं.

खिडकीजवळच्या दोन खुर्च्यांपैकी ती बसली होती ती उजेडातली; पहिल्या गुरुवारी शिंपिणीनं ती तिच्यासाठी सोडली होती. तोवर दोघींची ओळखही झालेली नव्हती.